थंड हवेतली हिरवळ : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

प्रश्न (हॅरो, लंडन) : गेल्या हिवाळ्यात आम्ही येथे घर घेतले. मागील अंगणात सुमारे ६० चौरस मीटरची हिरवळ आहे, परंतु आधीच्या वृद्ध मालकांना चार-पाच वर्षे तिच्याकडे लक्ष देता आले नव्हते. आता गवतापेक्षा शेवाळच अधिक दिसते, जागोजागी डँडेलियन हे पिवळ्या फुलांचे तण माजले आहे, शेजाऱ्यांच्या मोठ्या झाडाखाली माती उघडी पडली आहे आणि हिवाळ्यात पाणी तुंबून राहते. एप्रिलमध्ये मी दुकानातून बी आणून भरपूर फोकले, ते जवळजवळ उगवलेच नाही. एक कंत्राटदार सगळे उकरून तयार गवताच्या गुंडाळ्या अंथरण्यास सांगतो, आमचे हे प्लास्टिकच्या गवताचा विचार करीत आहेत आणि पुण्याहून आई म्हणते, "अगं, हरळीच्या चार मुळ्या लाव, बघता बघता अंगण भरेल." पुढच्या जूनमध्ये सासूसासरे येणार म्हणतात. आम्ही काय करावे?

उत्तर : चार-पाच वर्षे कोणी विचारले नाही, तरीही आपल्या अंगणात काही गवत तग धरून आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्या मातीत, त्या सावलीत आणि त्या पाण्यात जे जगले ते तेथे रुळलेले गवत आहे. ते उकरून फेकू नका. कंत्राटदार ज्या गुंडाळ्या अंथरील त्याही त्याच घट्ट मातीवर बसतील, आणि मातीचा दोष तसाच राहिला तर दोन-तीन हिवाळ्यांत शेवाळ पुन्हा परत येईल. प्लास्टिकच्या गवताविषयी माझे मत स्पष्ट आहे : ते उन्हात तापते, त्याखालची माती निर्जीव होत जाते आणि काही वर्षांनी झिजले की त्याची विल्हेवाट लावणे कठीण होते. हाताशी जमीन असताना ती झाकून टाकू नये.

आईंचा सल्ला पुण्यासाठी अगदी योग्य आहे. हरळी, म्हणजेच आपली दूर्वा, उष्ण हवेतले गवत आहे. तिची खरी वाढ पंचवीस ते पस्तीस अंश सेल्सिअस तापमानात होते आणि थंडी वाढली की ती पिवळी पडून झोपी जाते. लंडनमध्ये तिला वाढीला जेमतेम उन्हाळ्याचे काही आठवडे मिळतील आणि उरलेले सारे वर्ष अंगण वाळक्या काडीच्या रंगाचे दिसेल. इंग्लंडमधील हिरवळीची गवते, म्हणजे रायग्रास, फेस्क्यू, बेंट आणि मेडो ग्रास, यांचा स्वभाव नेमका उलट आहे. पंधरा ते चोवीस अंशांच्या दरम्यान ती जोमाने वाढतात, कडक उन्हाळ्यात मंदावतात आणि कोरडे पडले तर तपकिरी होऊन विसावा घेतात. जुलै २०२२ मध्ये इंग्लंडच्या तापमानाने प्रथमच चाळीस अंशांची मर्यादा ओलांडली, तेव्हा बहुतेक हिरवळी पेंढ्यासारख्या दिसत होत्या आणि शरदातला पाऊस पडताच त्यांतल्या कितीतरी आपोआप हिरव्या झाल्या. तेव्हा हरळी अंगणात न लावता स्वयंपाकघराच्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत एका पसरट कुंडीत लावा. गणपतीला घरच्या दूर्वा मिळतील आणि आईंचा शब्दही राहील.

वर्षाचे गणित येथे बदलते, आणि आपले एप्रिलमधले बी वाया जाण्याचे मूळही तेथेच आहे. पुण्यात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत, म्हणून पेरणी-लावणीचे सारे पावसाळ्याच्या तोंडावर करण्याची आपल्याला पिढ्यान् पिढ्यांची सवय आहे. लंडनचा पाऊस सुमारे सहाशे मिलिमीटर, म्हणजे फारसा कमी नाही, पण तो बाराही महिने थोडा थोडा पडतो. तेथे पेरणीचा मुहूर्त पावसावर ठरत नाही, मातीच्या उबेवर ठरतो. एप्रिलच्या सुरुवातीस दुपारची हवा उबदार वाटली तरी माती हिवाळ्याचा गारवा धरून असते, आणि ती तापू लागते तोवर कोरडे वारे वरचा थर सुकवून टाकतात. सप्टेंबरमध्ये मात्र माती उन्हाळाभराची ऊब साठवून बसलेली असते, रात्री दव पडते आणि बहुतेक तणांच्या उगवणीचा जोर ओसरलेला असतो. घरात सर्वांच्या लक्षात राहावे म्हणून मी नेहमी सांगतो की हिरवळीची पेरणी गौरी-गणपतीच्या आगेमागे करावी. याशिवाय आपले बी शेवाळाच्या गादीवर पडले असणार. तेथून ते मातीला कधी टेकलेच नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा ऑगस्ट सुरू होत असेल, म्हणजे तयारीला पुरेसा अवधी आहे. पहिले काम पाहण्याचे. कुदळीने किंवा जुन्या सुरीने हिरवळीतून तळहाताएवढा, एक वीत खोल असा मातीचा तुकडा केकच्या फोडीसारखा कापून काढा आणि उजेडात धरून बघा. वर हिरवे, त्याखाली वाळक्या काड्यामुळ्यांचा नमद्यासारखा तपकिरी थर आणि त्याखाली माती दिसेल. तो तपकिरी थर अर्ध्या इंचाहून जाड असेल तर पाणी, हवा आणि बी तिन्ही त्यातच अडकतात. मुळे किती खोल गेली आहेत ते बोटाने मोजा. दुर्लक्षित हिरवळीत ती बहुधा दोन-तीन इंचांवरच थांबलेली असतात. माती राखाडी-निळसर दिसली आणि तिला कुजका वास आला, तर तिच्यात हवा खेळत नाही. मग चिमूटभर ओली माती तळहातांत वळून बघा. तिची सुतळीएवढी वात न तुटता वळली, तर ती भारी चिकणमाती आहे. हॅरोच्या बऱ्याच भागाखाली 'लंडन क्ले' या नावाने ओळखली जाणारी माती आहे, तेव्हा वात वळली जाईल अशीच माझी अटकळ आहे.

शेवाळ का येते, हे या तुकड्यावरूनच कळते. शेवाळाला मुळे नसतात, ते गवताला मारत नाही. घट्ट माती, साचलेले पाणी, सावली आणि उपाशी गवत यांमुळे जी जागा मोकळी पडते ती ते व्यापते. म्हणून नुसते शेवाळ मारून थांबलेल्या माणसाला पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करावे लागते.

ऑगस्टमध्ये गवत हळूहळू उतरवत आणा. एका वेळी पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका, कारण एकदम बोडके केलेले गवत मुळांची वाढ थांबवून आधी पाने भरून काढते आणि त्यात त्याचे बळ खर्ची पडते. दर चार-पाच दिवसांनी थोडे थोडे कापून ते इंचभरावर आणले की पुरे. त्याच काळात डँडेलियन लांब पात्याच्या खुरप्याने, पावसाच्या दुसऱ्या दिवशी, सोटमुळासकट काढा. मूळ मध्येच तुटले तर खालच्या तुकड्यातून ते पुन्हा फुटते. पांढरे क्लोव्हर आढळले तर मात्र राहू द्या. ते शेंगवर्गीय असल्याने हवेतला नत्र जमिनीत आणते आणि कोरड्या उन्हाळ्यात गवताच्या आधी हार मानत नाही. लोक त्याला तण का समजतात हे मला आजही उमजलेले नाही.

ऑगस्टच्या अखेरीस शेवाळावर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, पाण्यात विरघळवून पाकिटावर दिलेल्या प्रमाणात झारीने द्या. काही दिवसांत शेवाळ काळे पडेल. येथे एक सावधगिरी मी कळकळीने सांगतो. माझ्या पहिल्या हिरवळीवर हिराकस देताना झारीच्या तोंडातून गळलेले थेंब दारापुढच्या फिक्या रंगाच्या फरशीवर पडले. ओले होते तोवर काहीच दिसले नाही. दुसऱ्या दिवशी प्रत्येक थेंबाचा गंजासारखा तांबूस डाग उठला होता आणि बूट जेथे जेथे टेकले तेथे पावलांचे ठसेही उमटले होते. पुष्कळ घासूनही ते गेले नाहीत. तेव्हा फरशीच्या कडेला हातभर जागा सोडा, बूट हिरवळीवरच उतरवा आणि घरातली मुले व पाळीव प्राणी त्या दिवशी दूर ठेवा.

शेवाळ काळे पडल्यावर साधारण पंधरा दिवसांनी ते लवचीक तारांच्या दंताळ्याने ओरबाडून काढा, आधी उभे आणि मग आडवे. ६० चौरस मीटरसाठी एक दिवस भाड्याने यंत्र आणणे खांद्यांना सोयीचे पडेल. निघणारा कचरा पाहून छाती दडपते. माझ्या ४० चौरस मीटरांतून नऊ पोती भरली होती आणि उरलेली हिरवळ खरूज झालेल्या जनावराच्या पाठीसारखी दिसत होती. त्या दृश्याने खचू नका. पुढच्या पेरणीला नेमकी तशीच उघडी माती हवी असते.

मग मातीला हवा द्यायची. चिकणमातीत साधा काटा खुपसला तर भोकाच्या कडा दाबल्या जाऊन चकचकीत होतात, म्हणून पोकळ दातांचे अवजार वापरा. ते बोटाएवढ्या मातीच्या पुंगळ्या बाहेर काढते आणि खरी पोकळी मागे ठेवते. दर चार-सहा इंचांवर, चार इंच खोल अशी छिद्रे पाडावीत. हे काम वाफसा आल्यावरच करा. माती कोरडी असताना दात शिरत नाहीत आणि चिखल असताना आपल्याच वजनाने ती आणखी घट्ट होते. आपल्याकडचा शेतकरी ढेकूळ हातात चुरून जो वाफसा ओळखतो, तोच येथे कामाला येतो. पुंगळ्या झाडून काढा आणि छिद्रांत भरड वाळू सहा भाग, पोयटा तीन भाग आणि चाळलेले पालापाचोळ्याचे खत एक भाग असे मिश्रण खराट्याने लोटा. दर चौरस मीटरला दोन ते तीन किलो, म्हणजे आपल्याला एकूण एकशे वीस ते एकशे ऐंशी किलो लागेल. बांधकामाची बारीक वाळू आणू नका. ती चिकणमातीत बसून अधिकच घट्ट होते.

आता नांगे, म्हणजे गवत नसलेल्या मोकळ्या जागा, भरायचे. विरळ भागात दर चौरस मीटरला २० ते २५ ग्रॅम आणि पूर्ण उघड्या भागात ३५ ते ५० ग्रॅम बी लागते. अर्धे बी उभ्या दिशेने चालत आणि अर्धे आडव्या दिशेने चालत फोका, म्हणजे पट्टे राहणार नाहीत. दंताळे उलटे धरून हलकेच फिरवा आणि पायाने दाबून बी मातीला टेकवा. रायग्रास आठवड्या-दीड आठवड्यात उगवते, फेस्क्यू साधारण दोन आठवडे घेते आणि मेडो ग्रासला तीन आठवडे किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो. तेव्हा दहाव्या दिवशी अर्धेच उगवले म्हणून दुसरे पाकीट आणायला धावू नका. पाऊस नसेल तर झारीच्या बारीक धारेने वरचा थर ओला ठेवा. रोप दोन-अडीच इंच झाले की यंत्राचे पाते धारदार करून फक्त शेंडे खुडा. शेंडा खुडला की बुडातून फुटवे येतात आणि नवी हिरवळ त्यांनीच दाट होते.

शेजाऱ्यांच्या झाडाखाली सावली सहन करणारे तांबडे फेस्क्यू पेरून पाहा. दोन वर्षांत तेथे गवत धरले नाही, तर तेवढ्या जागेचा हट्ट सोडून फर्न लावा. दाट सावलीत, झाडाच्या मुळांशी पाण्यासाठी स्पर्धा करीत, गवत सुखाने जगत नाही.

खताविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण घाईची खरी चूक तेथे होते. शरदात कमी नत्राचे आणि पालाश (पोटॅश) असलेले खत द्या. भरपूर नत्र दिल्यास हिवाळ्याच्या तोंडावर मऊ, लुसलुशीत पाने फुटतात आणि त्यांवर बुरशी येते. नत्राचे खत पुढच्या एप्रिलमध्ये, गवत वाढू लागल्यावर द्या. आपल्या घराच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमधील हार्पेंडन येथे, रॉथॅमस्टेड संशोधन केंद्राचा 'पार्क ग्रास' नावाचा प्रयोग १८५६ पासून अखंड सुरू आहे. तेथे ज्या वाफ्यांना पिढ्यान् पिढ्या अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, त्यांची माती इतकी आम्ल झाली की गवताच्या थोड्याच जाती उरल्या, आणि मेलेले गवत कुजवणारे जीव फारसे न राहिल्याने त्याचा जाड थर जमिनीवर साचला. नुसत्या खताच्या पोत्यावर विसंबून राहिल्यास मातीचे काय होते, ते तेथे डोळ्यांनी दिसते. आपण आधी मातीचा सामू, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (पीएच), तपासा. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असेल तर चुन्याच्या वाटेला जाऊ नका, त्याहून बराच खाली असेल तरच हिवाळ्यात थोडा द्या. गांडुळांच्या मातीच्या ढिगल्या दिसल्या तर त्या वाळल्यावर झाडूने पसरून टाका. आपल्या चिकणमातीत विनामूल्य बिळे पाडणारा दुसरा मजूर मिळणार नाही.

नोव्हेंबरात गळलेली पाने दर आठवड्याला उचला. पाने गोठून पांढरी झालेली असताना हिरवळीवर पाय ठेवू नका, कारण गोठलेल्या पेशी पावलाखाली फुटतात आणि ते ठसे काळपट होऊन कितीतरी दिवस राहतात. सासूसासरे पुढच्या जूनमध्ये आले तर त्यांना अंगणात चटई टाकून बसता येईल, एवढे मी खात्रीने लिहू शकतो. शेवाळ पूर्णपणे हटण्यास मात्र दोन शरद लागतील, आणि पोकळ दातांचे काम दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा करावे लागेल.

प्रश्न (मिसिसागा, कॅनडा) : दर वर्षी बर्फ वितळल्यावर आमच्या हिरवळीवर ताटाएवढी राखाडी वर्तुळे दिसतात आणि त्यांतले गवत एकमेकांस चिकटलेले असते. ड्राइव्हवेच्या कडेने एक पिवळी पट्टीही मरते. गेल्या शरदात रॅकून या रानटी प्राण्याने रात्रीत अर्धी हिरवळ उलथून टाकली. या सर्वांवर एकच औषध आहे का?

उत्तर : ही तीन वेगवेगळी दुखणी आहेत. राखाडी वर्तुळे बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीची आहेत. गोठण्यापूर्वी गवत उंच राहिले किंवा त्यावर पाने साचली, की बर्फाच्या पांघरुणाखाली ओल कोंडते आणि बुरशी फोफावते. माती थोडी सुकल्यावर चिकटलेली पाती दंताळ्याने हलकेच मोकळी करा. बहुतेक वेळा मुळे जिवंत असतात आणि मे महिन्यात जागा भरून येते. ऑक्टोबरमधली शेवटची कापणी दोन-अडीच इंचांवर करा आणि अंगणात बर्फाचे मोठे ढीग रचू नका.

कडेची पट्टी मिठाने मरते. वसंतात माती मोकळी होताच तेथे दोन-तीन वेळा भरपूर पाणी सोडून मीठ खाली धुऊन काढा आणि मग नव्याने पेरा. पुढच्या हिवाळ्यात मिठाऐवजी वाळू टाकता आली तर उत्तम.

रॅकून गवतावर रागावलेला नसतो, तो मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या शोधत असतो. इंग्रजी 'सी' अक्षरासारख्या वळलेल्या, पांढऱ्या शरीराच्या आणि तपकिरी डोक्याच्या या अळ्या पाहण्यासाठी ऑगस्टअखेर फूटभर लांब-रुंद गवताचा तुकडा तीन बाजूंनी कापून गालिच्यासारखा उलटा करा. पाच-दहापेक्षा कमी अळ्या असतील तर निरोगी गवत ते नुकसान सोसते. अधिक असतील तर या अळ्यांना मारणारे उपयुक्त सूत्रकृमी, म्हणजे मातीतले सूक्ष्म जंत, विकत मिळतात, ते ओल्या मातीत, ऊन उतरल्यावर झारीने द्या आणि पुढचे काही दिवस माती सुकू देऊ नका, कारण उन्हात ते मरतात. केवळ शोभेसाठी बागेत रासायनिक कीटकनाशके व तणनाशके वापरण्यावर ओंटारिओ प्रांताने २००९ पासून बंदी घातली आहे, आणि ती मला योग्य वाटते. आपल्याकडे पेरणीचा काळ लंडनपेक्षा आधीचा, म्हणजे ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आहे. एरवी गवत अडीच ते तीन इंच उंच ठेवा. उंच गवताची मुळे खोल जातात आणि खालच्या सावलीत तणांचे बी सहसा उगवत नाही.

प्रश्न (पुणे) : मुलगा स्कॉटलंडहून सुट्टीला येत आहे. त्याच्याकडून रायग्रासचे बी मागवून महाबळेश्वरच्या आमच्या घरापुढे लावावे असे मनात आहे. ते येईल का?

उत्तर : बी सामानातून आणू नका. परदेशातून बियाणे आणण्यास वनस्पती संगरोधाच्या (क्वारंटाइनच्या) नियमांनुसार आयात परवाना आणि त्या देशाचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि हे नियम बाहेरची कीड-रोग आपल्या शेतांत शिरू नये म्हणून आहेत. बी मिळाले तरी उपयोग थोडाच. महाबळेश्वरची हवा गार असली तरी तेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बहुतेक सगळा चार महिन्यांत; उबदार, सतत ओल्या हवेत रायग्रास बुरशीला बळी पडते आणि एप्रिल-मेचे कोरडे दिवस त्याला सोसत नाहीत. हिवाळ्यात तीन-चार महिने ते सुंदर दिसेल आणि पावसाळ्यात जाईल. तेथील तांबड्या मातीत, उताराला बांध घालून आणि पाणी वाहून जाण्यासाठी चर काढून, जवळच्या रोपवाटिकेतील गवताचे ठोंब पहिल्या पावसाच्या सरी पडून माती भिजल्यावर, मुसळधार सुरू होण्याआधी, वीतभर अंतरावर लावा.